डाव्या बाजूची चरचर आणि चार व्हॉल्व्ह : घरगुती स्टिरिओ प्रीअँपचा एक प्रकरण अभ्यास

पुण्यातील एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरचा व्हॉल्व्हचा स्टिरिओ प्रीअँप हा या प्रकरणाचा विषय आहे. प्रीअँप म्हणजे टर्नटेबल किंवा सीडीकडून आलेला संदेश स्पीकर हाकणाऱ्या पॉवर अँपसाठी तयार करणारे यंत्र, आणि व्हॉल्व्ह म्हणजे त्यात संदेश वाढवणारी काचेची निर्वात नळी. त्यांच्याकडे हिंदुस्थानी संगीताच्या एलपींचा मोठा संग्रह असून तो ते नियमित ऐकतात. त्यांच्या तक्रारी दोन होत्या. विलंबित आलापीत, जिथे तानपुऱ्यापलीकडे फारसे काही वाजत नसते, तिथे डाव्या स्पीकरमधून मधूनमधून चरचर आणि तडतड ऐकू येई. शिवाय गायकाचा आवाज, जो दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध यायला हवा, तो उजवीकडे सरकलेला वाटे. यावर त्यांना मिळालेला सल्ला असा होता की चारही व्हॉल्व्ह काढून टाकावेत आणि युरोपातील जुन्या साठ्यातला महागडा संच बसवावा. त्या खर्चात पडण्यापूर्वी यंत्राची रीतसर तपासणी करण्याचे ठरले.

तपासणी कळण्यासाठी यंत्राची रचना आधी सांगितली पाहिजे. प्रत्येक बाजूला दोन व्हॉल्व्ह आहेत. फोनो विभागात, म्हणजे एलपीचा संदेश वाढवणाऱ्या भागात, ईसीसी८३ आहे. अमेरिकी नावपद्धतीत यालाच १२एएक्स७ म्हणतात. त्याच्या एकाच काचेत दोन स्वतंत्र ट्रायोड असतात. ट्रायोडमध्ये हीटरने तापवलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन प्लेटकडे जातात आणि मधल्या ग्रिडवर दिलेला संदेश तो प्रवाह कमीजास्त करतो. पहिला ट्रायोड कार्ट्रिजकडून (सुईची कंपने विजेत बदलणाऱ्या भागाकडून) आलेला काही मिलिव्होल्टचा संदेश वाढवतो, त्यानंतर रेझिस्टर आणि कंडेन्सरचे आरआयएए जाळे लागते आणि मग दुसरा ट्रायोड त्या जाळ्यात झालेली घट भरून काढतो. तिथून संदेश सिलेक्टरमार्गे २५० किलोओहमच्या व्हॉल्यूमवर आणि पुढे ईसीसी८२ या व्हॉल्व्हवर जातो, ज्याचा एक ट्रायोड थोडी वाढ देतो आणि दुसरा कॅथोड फॉलोअर म्हणून, म्हणजे वाढ न देता, पॉवर अँपकडे जाणारी तार हाकतो. फोनो विभागाला २५० व्होल्टचा पुरवठा आहे, आणि चारही हीटर १२.६ व्होल्टच्या एकदिश (डीसी) पुरवठ्यावर समांतर जोडलेले आहेत.

एलपी कापताना खर्जाकडील कंपने दाबलेली आणि तारेकडील कंपने चढवलेली असतात. वाजवताना याच्या नेमके उलट करावे लागते. ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद या तीन कालांकांवर (टाइम कॉन्स्टंट) आरआयएए हे प्रमाण ठरलेले आहे, आणि त्यानुसार २० हर्ट्झला १ किलोहर्ट्झच्या तुलनेत सुमारे १९ डेसिबल अधिक, तर २० किलोहर्ट्झला जवळपास तितकेच कमी मिळावे लागते. या प्रीअँपमध्ये हे काम फीडबॅकविना, म्हणजे बाहेर पडणाऱ्या संदेशाचा अंश मागे न वळवता, होते. ही बाब महत्त्वाची आहे, कारण फीडबॅक असता तर व्हॉल्व्हव्हॉल्व्हमधले फरक बऱ्याच अंशी दबले गेले असते. येथे ते थेट कानापर्यंत पोहोचतात.

या रचनेवरून एक गोष्ट उघड होते. चारही व्हॉल्व्ह दिसायला सारखे असले तरी त्यांच्याकडून अपेक्षा सारखी नाही. फोनोच्या पहिल्या ट्रायोडमध्ये जो काही अंगभूत आवाज असेल तो पुढच्या सर्व टप्प्यांतून वाढत जातो, म्हणून त्या जागी कमीत कमी सरसर करणारा आणि धक्क्याला न कंपणारा व्हॉल्व्ह लागतो. कॅथोड फॉलोअरच्या जागी सरसरीचे महत्त्व फार नाही. तिथे कॅथोड जमिनीपासून बऱ्याच व्होल्टांवर बसलेला असतो, त्यामुळे हीटर आणि कॅथोड यांच्यामधले आवरण मजबूत असावे लागते. व्हॉल्व्हची निवड करताना त्याच्या नावलौकिकापेक्षा तो कोणत्या जागी बसणार आहे हे आधी विचारात घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

प्राध्यापकांनी यापूर्वीच दोन नवे ईसीसी८२ आणून बसवले होते आणि काहीही फरक पडला नव्हता. तसा तो पडणारही नव्हता. चरचर फक्त फोनोवर ऐकू येत होती. सिलेक्टर सीडीवर नेला की ती पूर्ण थांबे. फोनोवर असताना व्हॉल्यूम कमी केला तर तीही त्याच प्रमाणात कमी होई. म्हणजे ती व्हॉल्यूमच्या आधी, फोनो विभागातच जन्म घेत होती आणि ईसीसी८२ तिच्या वाटेत नंतर येत होते. सीडीवर गायकाचा आवाजही बरोबर मध्यभागी येत होता, म्हणजे दुसऱ्या तक्रारीचे मूळही फोनो विभागाच्या पलीकडे नव्हते. ही दोन निरीक्षणे करायला झाकण उघडावे लागत नाही की एक रुपयाही खर्च येत नाही, तरीही व्हॉल्व्ह विकत घेण्यापूर्वी ती क्वचितच केली जातात.

यानंतर प्रीअँपच्या मागे टर्नटेबलच्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल केली. दोष कार्ट्रिजमध्ये, टोनआर्मच्या तारेत किंवा सुईत असता तर तो उजव्या स्पीकरकडे गेला असता. दोन्ही तक्रारी होत्या तशाच राहिल्या : चरचर डावीकडे आणि आवाजाचा कल उजवीकडे. या परीक्षेसाठी साठच्या दशकातील एक मोनो एलपी वापरली, आणि जुन्या संग्रहांत अशा एलपी भरपूर असल्याने ही युक्ती सांगून ठेवतो: मोनो एलपी स्टिरिओ कार्ट्रिजने वाजवली असता दोन्ही बाजूंना मुळातच एकसारखा संदेश मिळतो, त्यामुळे आवाज मध्यापासून सरकला तर ती ध्वनिमुद्रणातील मांडणी असू शकत नाही.

आता व्हॉल्व्हची पाळी आली. काढण्याघालण्यापूर्वी पॉवर अँप बंद केला, कारण व्हॉल्व्ह तापताना-निवताना प्रीअँपच्या बाहेर पडणारा धक्का स्पीकरला इजा करू शकतो. मग प्रीअँप बंद करून प्लग भिंतीतून काढला आणि काच हाताला सोसवेल इतकी निवू दिली. ज्यांना झाकण उघडून आत हात घालायचा आहे त्यांनी हे कधीही विसरू नये की वीज तोडल्यावरही पुरवठ्याच्या कंडेन्सरांत २५० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब शिल्लक असू शकतो. तो उतरला आहे याची मीटरने खात्री केल्याखेरीज आत बोट लावू नये. नऊ पिनांचा हा व्हॉल्व्ह सरळ वर, अगदी किंचित हलवत काढावा. पहिल्या आणि नवव्या पिनेमध्ये मोकळी जागा असते, ती सॉकेटमधील मोकळ्या जागेशी जुळवून परत बसवावा. आडवा जोर लावल्यास पिनेच्या मुळाशी काच तडकते आणि आत हवा शिरते. असे झाले की वरच्या बाजूचा रुपेरी थर पांढरा पडतो, आणि तो व्हॉल्व्ह मग कायमचा निकामी समजावा.

डावा आणि उजवा ईसीसी८३ आपापसांत बदलले. चरचर उजवीकडे गेली. इथे थांबण्याचा मोह होतो, पण थांबू नये. व्हॉल्व्ह नुसता काढून परत बसवल्यानेही सॉकेटच्या कळकलेल्या पाकळ्या घासल्या जाऊन जोड सुधारतो आणि आवाज तात्पुरता बंद होतो, आणि आपल्या दमट पावसाळ्यात हे विशेष घडते. म्हणून दोन्ही व्हॉल्व्ह पुन्हा मूळ जागी बसवून पाहिले. चरचर परत डावीकडे आली. व्हॉल्व्ह जिथे जाईल तिथे दोष जातो, हे आता निर्विवाद ठरले. (सर्वच प्रीअँपना हीच पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. काही रचनांत एकाच काचेतला एक ट्रायोड डाव्या बाजूला आणि दुसरा उजव्या बाजूला वापरलेला असतो. तेव्हा आधी सर्किटचा नकाशा पाहावा.)

या अदलाबदलीतून दुसरीही माहिती मिळाली, आणि या प्रकरणातला खरा कळीचा मुद्दा तोच आहे. चरचर उजवीकडे गेली तेव्हा आवाजाचा कल मात्र उजवीकडेच राहिला. डावी बाजू पूर्वीइतकीच क्षीण होती. म्हणजे दोन तक्रारींचे कारण एक नव्हते. चरचर व्हॉल्व्हची होती, आणि डावीकडचा अशक्तपणा सर्किटमधल्या दुसऱ्या कशाचा तरी होता. चारही व्हॉल्व्ह एकदम बदलले असते तर चरचर थांबली असती, अशक्तपणा तसाच राहिला असता, आणि त्याचा दोष बहुधा नव्या महागड्या संचाच्या माथी मारला गेला असता.

झाकण उघडून दाब मोजले. डाव्या बाजूच्या दुसऱ्या ट्रायोडच्या प्लेटवर १६४ व्होल्ट आणि कॅथोडवर १.३ व्होल्ट मिळाले, तर उजवीकडे अनुक्रमे १६८ आणि १.२. प्लेटचा रेझिस्टर १०० किलोओहमचा आणि कॅथोडचा १.५ किलोओहमचा असल्याने दोन्हीकडून हिशेब केला तरी प्रवाह ०.८ ते ०.९ मिलिअँपिअर येतो, म्हणजे आकडे एकमेकांशी जुळतात. ग्रिडवर दाब नव्हता, त्यामुळे आधीच्या टप्प्याचा कंडेन्सर गळत नसल्याचेही कळले. एकदिश दाबांच्या दृष्टीने दोन्ही बाजू निर्दोष होत्या, आणि इथेच अनेक तपासण्या संपतात.

परंतु चाचणीच्या एलपीवरील १ किलोहर्ट्झचा स्वर वाजवून फोनो विभागाच्या शेवटी प्रत्यावर्ती (एसी) दाब मोजला तेव्हा उजवीकडे ४०० मिलिव्होल्ट आणि डावीकडे १९५ मिलिव्होल्ट मिळाले. जवळजवळ निम्मा, म्हणजे ६ डेसिबलच्या आसपास फरक. एकदिश दाबाला धक्का न लावता वाढ निम्मी करणारा भाग या टप्प्यात एकच आहे, तो म्हणजे कॅथोडच्या रेझिस्टरला समांतर असलेला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. तो शाबूत असतो तोवर कॅथोड प्रत्यावर्ती संदेशासाठी जमिनीवर असतो. तो सुकून निकामी झाला की संदेश कॅथोडवरही उमटू लागतो आणि वाढीला विरोध करतो. ईसीसी८३ चा वर्धनांक (ट्रायोड देऊ शकेल ती कमाल वाढ) १०० आणि या प्रवाहाला अंतर्गत रोध साधारण ७० किलोओहम धरला, तर प्लेटच्या रेझिस्टरला व्हॉल्यूमचे ओझे समांतर धरून मिळणारा भार सुमारे ७१ किलोओहम होतो. कंडेन्सर चांगला असताना वाढ सुमारे ५० पट येते आणि तो नसल्यास सुमारे २४ पट. मोजलेला फरक या हिशेबाशी चांगला जुळत होता. खात्रीसाठी जुन्या कंडेन्सरला नवा कंडेन्सर समांतर टेकवून बांधला आणि पुन्हा मोजले. डावी बाजू लगेच वर आली.

हाच कंडेन्सर पहिल्या ट्रायोडच्या खाली निकामी झाला असता तर प्रकरण अधिक गुंतागुंतीचे झाले असते. पहिल्या ट्रायोडचा निर्गम रोध हा आरआयएए जाळ्याचाच एक भाग म्हणून हिशेबात धरलेला असतो. कंडेन्सर शाबूत असताना तो सुमारे ४१ किलोओहम असतो आणि निकामी झाल्यावर ७० च्या जवळ जातो. त्यामुळे केवळ आवाज कमी झाला नसता, तर स्वरांचा समतोलही बिघडला असता आणि ऐकणाऱ्याने ‘या व्हॉल्व्हचा आवाज मंद आहे’ असा निष्कर्ष काढला असता.

दोन्ही बाजूंचे चारही कॅथोड कंडेन्सर बदलून १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंश सेल्सिअस दर्जाचे लावले. व्हॉल्व्हच्या धगीत वर्षानुवर्षे राहिलेले इलेक्ट्रोलिटिक एक गेला की बाकीचेही वाटेवर असतात, म्हणून एकच बदलणे योग्य वाटले नाही.

आत असतानाच हीटरचा दाब पाहिला. तो १२.६ ऐवजी १३.४ व्होल्ट निघाला, कारण हीटरचा पुरवठा नियंत्रित नाही आणि त्या घरातील विजेचा दाब २४० व्होल्टच्या पुढे असतो. सहा टक्क्यांची ही वाढ लगेच काही जाळत नाही, पण कॅथोडवरील लेप गरजेपेक्षा अधिक तापून लवकर झिजतो. प्रत्येक हीटर १५० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे चौघांचे ६०० मिलिअँपिअर. त्या वाटेत १.५ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घातल्यावर दाब १२.५ वर आला. व्हॉल्व्हच्या आयुष्यासाठी यापेक्षा स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.

राहिला प्रश्न एका ईसीसी८३ चा. बाजारात मिळणारे व्हॉल्व्ह दोन प्रकारचे. एक म्हणजे जुन्या साठ्यातले : इंग्लंडमधील ब्लॅकबर्नच्या कारखान्यात बनलेले मलार्ड, जर्मनीचे टेलिफुंकेन, हॉलंडमधील हेरलेनचे फिलिप्स, आणि आपल्याकडचे बीईएल. भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना १९५४ मध्ये बंगळुरूत झाली आणि १९६१ पासून तिथे रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले. जुन्या दुरुस्तीवाल्यांच्या कपाटांत ते अजून सापडतात आणि त्यांची उपेक्षा होते याचे मला वाईट वाटते. दुसरे म्हणजे आज बनणारे : स्लोव्हाकियातील चादत्सा येथील जेजे, रशियातील सारातोव येथील कारखाना आणि चीनमधील उत्पादक. खरेदी करताना खोक्यावरच्या नावावर जाऊ नये. मलार्ड किंवा टुंग-सोल हे नाव छापलेले नवे व्हॉल्व्ह सारातोवला बनतात. ते चांगले असू शकतात, पण ब्लॅकबर्नचे नसतात. जुन्या फिलिप्स समूहाच्या व्हॉल्व्हवर काचेच्या तळाशी राखाडी अक्षरांत कारखान्याची खूण कोरलेली असते, ज्यात ब्लॅकबर्नसाठी ‘बी’ आणि हेरलेनसाठी त्रिकोण असतो. टेलिफुंकेनच्या तळाला पिनांच्या मधोमध काचेतच पत्त्यांतल्या चौकटसारखा उठावाचा छोटा आकार असतो. छापलेली अक्षरे पुसून नवी छापता येतात, काचेतली खूण सहसा बदलता येत नाही.

प्राध्यापकांच्या खणात एक ईसीसी८१ होता आणि ‘पिना त्याच आहेत, तो लावून पाहा, सरसर कमी होईल’ असे त्यांना कोणी सांगितले होते. पिना त्याच आहेत हे खरे. परंतु ईसीसी८१ चा वर्धनांक ६० आणि नमुना-मूल्यांनुसार अंतर्गत रोध ११ किलोओहमच्या आसपास असतो, तर ईसीसी८३ चा ६० किलोओहमच्या वर. तो या जागी बसवला तर सरसर कमी वाटेल ती वाढ घटल्यामुळे, प्रवाह रचनेत धरल्यापेक्षा अधिक वाहील, आणि आरआयएए जाळ्याला मिळणारा रोध बदलून स्वरांचा तोल जाईल. याउलट ५७५१ हा खरोखर चालणारा पर्याय आहे : वर्धनांक ७०, अंतर्गत रोध ईसीसी८३ च्या जवळ. वाढ प्रत्येक टप्प्याला अडीच डेसिबलच्या आसपास घटते, म्हणून तो लावायचा तर दोन्ही बाजूंना लावावा. ईसीसी८८ ऊर्फ ६डीजे८ मात्र या सॉकेटात कधीही घालू नये. सॉकेटात तो बिनबोभाट बसतो, पण त्याचा हीटर ६.३ व्होल्टचा आहे, नववी पिन हीटरचा मध्य नसून आतल्या पडद्याची आहे, आणि त्याच्या प्लेटची मर्यादा १३० व्होल्टची आहे. या यंत्रात त्याचा हीटर दुप्पट दाबाने जळेल. रशियन ६एन२पी चे गुण ईसीसी८३ शी बरेच मिळतेजुळते असले तरी हीटरच्या बाबतीत त्याचीही तीच अडचण आहे.

उमेदवार म्हणून जुन्या साठ्यातले दोन आणि एक नवा स्लोव्हाकियन असे तीन ईसीसी८३ मिळाले. ते एकेक करून फक्त डाव्या जागी बसवले. उजवीकडचा चांगला व्हॉल्व्ह तुलनेसाठी जागचा हलवला नाही. फोनोच्या प्रवेशावर आतल्या आत जोडलेले प्लग लावून प्रवेश शांत केला, व्हॉल्यूम रोजच्यापेक्षा वर नेला आणि प्रत्येकाला पुरेसा तापू दिल्यानंतरच ऐकले, कारण वर्षानुवर्षे पडून राहिलेला व्हॉल्व्ह सुरुवातीला तडतडतो आणि काही तासांनी शांत होतो. मग पेन्सिलच्या मागच्या रबराने काचेला हलकी टिचकी मारली. थोडा ‘टक्’ सर्वांतच येतो, परंतु जुन्यातला एक व्हॉल्व्ह टिचकीनंतर घंटेसारखा रेंगाळत वाजत राहिला. असा व्हॉल्व्ह फोनोत असला की स्पीकरचा आवाज हवेतून परत त्याच्यावर आदळतो आणि खर्ज गढूळ होतो. तो बाजूला ठेवला. उरलेला जुना, जो बीईएलचा होता, आणि आखूड प्लेटचा नवा स्लोव्हाकियन हे दोन्ही शांत होते.

या दोघांत आवाजाचा फरक आहे का, हे प्राध्यापकांना स्वाभाविकच जाणून घ्यायचे होते. पहिल्या ऐकण्यात त्यांना बीईएल ‘अधिक भरलेला’ वाटला. मोजल्यावर त्याची बाजू दुसऱ्यापेक्षा किंचित मोठी निघाली. आवाज अगदी थोडा मोठा असला तरी कानाला तो मोठा न वाटता चांगला वाटतो, आणि व्हॉल्व्हच्या तुलनेत याइतकी फसवी गोष्ट दुसरी नाही. १ किलोहर्ट्झच्या स्वराने पातळी जुळवून, कोणता व्हॉल्व्ह लावला आहे हे न सांगता तीच आलापी पुन्हा ऐकवली, तेव्हा तानपुऱ्याच्या जव्हारीत किंवा आवाजाच्या पोतात त्यांना खात्रीने सांगता येईल असा भेद उरला नाही. व्हॉल्व्हव्हॉल्व्हमध्ये श्राव्य फरक नसतोच असे मी म्हणत नाही. फीडबॅक नसलेल्या सर्किटात तो असू शकतो. परंतु पातळी जुळवल्याविना केलेल्या तुलनेवर विश्वास ठेवून पैसे खर्च करू नयेत. निवड मग सरसरीवर केली, आणि तीत बीईएल थोडा पुढे होता. तोच डावीकडे कायम केला. स्लोव्हाकियन सुटा म्हणून ठेवला. काढलेले जुने ईसीसी८२ सुस्थितीतच होते, म्हणून त्यांच्या खोक्यांवर ते कोणत्या जागेवरून काढले हे लिहून ठेवले.

शेवटच्या मोजणीत डावीकडे ४०० आणि उजवीकडे ३८५ मिलिव्होल्ट आले, म्हणजे ०.३ डेसिबलचा फरक. तोही सर्किटचा आहे की व्हॉल्व्हचा, हे पाहण्यासाठी काही आठवडे रोज वाजवून झाल्यावर दोन्ही ईसीसी८३ पुन्हा एकदा आपापसांत बदलले. फरक या वेळी व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या बाजूला गेला. दोन चांगल्या व्हॉल्व्हच्या वाढीत असतो तेवढाच तो होता, आणि बॅलन्सचे बटण किंचित फिरवून तो भरून काढला.